साथीच्या पलीकडचे व्हायोलिन

व्हायोलिन म्हटले की आपल्याला गायकाच्या बाजूला बसलेला साथीदार आठवतो. तिथून हे वाद्य मैफलीच्या मध्यभागी आणणाऱ्यांत पंडित विष्णू गोविंद जोग यांचे नाव मोठे. १९२२ साली मुंबईत जन्मलेल्या या मराठी कलावंताने श्रीकृष्ण रातंजनकर आणि अल्लाउद्दीन खाँ यांच्याकडून विद्या घेतली, लखनौला शिकवले, कोलकात्याच्या आकाशवाणीत काम केले. बिस्मिल्ला खाँच्या शहनाईबरोबरच्या त्यांच्या जुगलबंद्या देशोदेशीच्या रसिकांनी डोक्यावर घेतल्या. १९८३ साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

अशी कारकीर्द घडायला दोन गोष्टी लागतात : तालीम देणारा गुरू आणि जाणता श्रोता. खानदेशाला या दोन्ही गोष्टी नव्या नाहीत. बालगंधर्वांना लहानपणी जळगावातच मेहबूब खाँची तालीम मिळाली होती. बालगंधर्वांच्या नावाचा संगीत महोत्सव आजही जळगावात भरतो, म्हणजे कानसेनांची खानदेशात वाण नाही. आता जळगाव-धुळ्याच्या शाळांनी आणि संगीतवर्गांनी पेटी-तबल्याच्या जोडीला मुलांच्या हाती व्हायोलिनही द्यावे. पालकांना एकच विनंती : दहावीच्या वाढीव गुणांवर नजर ठेवून नव्हे, वर्षानुवर्षांच्या रियाजाची तयारी ठेवूनच मुलांना शिकायला पाठवा.

— संपादक