शब्द आधी जातात की आठवणी?

मार्च २०२२. ‘डाय हार्ड’वाला ब्रूस विलिस अभिनयातून बाहेर पडत असल्याचं त्याच्या कुटुंबानं जाहीर केलं. कारण होतं अफेझिया, म्हणजे मेंदूतल्या बिघाडामुळे भाषा हातातून निसटणं. फेब्रुवारी २०२३मध्ये निदान आणखी नेमकं झालं : फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया.

‘डिमेन्शिया’ म्हटलं की तुमच्या-माझ्या डोक्यात एकच चित्र येतं. चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधणारे आजोबा. पण या आजारात सुरुवातीला बऱ्याचदा स्मरणशक्ती ठीकठाक असते. आधी जाते ती भाषा, नाहीतर वागण्यातलं भान. आणि तो साधारण ४५ ते ६५ या वयात सुरू होतो. म्हणजे आजोबांच्या नाही, तुमच्या आई-बाबांच्या वयात. म्हणूनच हा विषय ‘म्हातारपणाचा’ म्हणून पान उलटण्यासारखा नाही.

बिघाड एका लाईनवरचा

१९८२मध्ये अमेरिकन न्यूरॉलॉजिस्ट मार्सेल मेसुलम यांनी सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांची भाषा वर्षानुवर्षं हळूहळू ढासळत होती, पण बाकीची बुद्धी बराच काळ शाबूत होती. पक्षाघात नाही, गाठ नाही. मग फक्त भाषाच का?

याचं एक चांगलं उत्तर २००९मध्ये मिळालं. विल्यम सीली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच वेगवेगळ्या आजारांत मेंदूचा कुठला भाग आक्रसतो याचे नकाशे काढले. मग त्यांनी निरोगी लोकांचे स्कॅन घेतले. एमआरआय मशीनमध्ये नुसतं पडून राहायचं, काहीही करायचं नाही. त्या स्थितीतही मेंदूतले काही दूरदूरचे भाग एकाच लयीत कमी-जास्त सक्रिय होत असतात. अशा एका लयीतल्या भागांना म्हणतात नेटवर्क, जाळं. दोन्ही नकाशे शेजारी ठेवले आणि ते जुळले! प्रत्येक आजार निरोगी मेंदूतलं एक ठरावीक जाळं धरून पुढे सरकत होता.

मुंबईच्या लोकलचं बघा. सायनला रुळांवर पाणी आलं की डोंबिवलीचा माणूस अडकतो, बोरिवलीचा मात्र पश्चिम रेल्वेनं घरी पोचतो. अंतर महत्त्वाचं नाही, लाईन महत्त्वाची. मेंदूत फरक इतकाच, की इथे बिघाड स्वतःच लाईनवरून प्रवास करतो. चुकीच्या घडीची प्रथिनं एका पेशीतून तिला जोडलेल्या पुढच्या पेशीत पसरत जातात, असं आज बहुतेक संशोधक मानतात.

आठवण वेगळी, शब्द वेगळा

स्मृती आणि भाषा वेगळ्या लाईनवर चालतात याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे हेन्री मोलेसन. फिट्स थांबाव्यात म्हणून १९५३मध्ये त्याच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस आणि आसपासचा भाग दोन्ही बाजूंनी काढला. त्यानंतर त्याला नवीन घटना लक्षातच राहीनात. पण तो छान गप्पा मारायचा, शब्दकोडी सोडवायचा.

आता याच्या उलटं चित्र बघा. फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियाच्या एका प्रकारात शब्दांचे अर्थच पुसले जातात. काल घरी कोण आलं होतं हे बाई बरोबर सांगतात, पण किसणी मागितली तर विचारतात, ‘किसणी म्हणजे काय?’ त्यांना शब्द आठवत नाही असं नाही, तो शब्द त्यांच्यासाठी शब्दच उरलेला नसतो. अल्झायमर्समध्ये सहसा आधी कालची घटना जाते, किसणी बरीच नंतर.

‘सहसा’ हा शब्द इथे मुद्दाम वापरलाय. कारण अल्झायमर्स कधीकधी भाषेच्या जाळ्यातूनही सुरुवात करतो. त्यामुळे ‘विसरतात म्हणजे अल्झायमर्स, बोलता येत नाही म्हणजे दुसरं काहीतरी’ असा सोपा तक्ता बनत नाही. आणि नेमकं निदान लागतंच. लेकानेमॅबसारखी नवी औषधं अल्झायमर्समधल्या अमायलॉइड या प्रथिनावर काम करतात. त्यांचा फायदा मर्यादित आहे आणि फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियाच्या रुग्णाला त्यांचा उपयोग नाही.

हैदराबादनं काय दाखवलं?

आता आपल्या कामाचा प्रश्न. दोन-तीन भाषा बोलणाऱ्यांचा मेंदू या आजारांना जास्त टक्कर देतो का?

२००७मध्ये टोरांटोतल्या एका अभ्यासात द्वैभाषिक रुग्णांमध्ये डिमेन्शियाची लक्षणं सुमारे चार वर्षं उशिरा दिसली होती. शंका अशी होती की तिथले बरेच द्वैभाषिक स्थलांतरित होते. मग फरक भाषेमुळे की स्थलांतरामुळे?

हैदराबादमध्ये हा अडसर नव्हता. तिथे पिढ्यान् पिढ्या एकाच गल्लीत तेलुगू आणि दख्खनी ऐकू येते. निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी डिमेन्शियाच्या ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. २०१३मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला : द्वैभाषिकांमध्ये लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झाली होती. शाळेत कधीच न गेलेल्या लोकांमध्येही फरक दिसला. म्हणजे हे फक्त शिक्षणाचं पुण्य नव्हतं.

ही बातमी लगेच फॉरवर्ड करू नका, कारण पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. २०१७मध्ये याच गटानं फक्त फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया तपासला. ज्या प्रकारात आधी वागणं बिघडतं, तिथे द्वैभाषिकांना सुमारे सहा वर्षांचा फायदा दिसला. ज्या प्रकारात आधी भाषा जाते, तिथे फायदा दिसला नाही. जाळ्यांचा हिशोब लावला तर यात तर्क आहे. दोन भाषा बोलताना एक वापरायची आणि दुसरी दाबून ठेवायची, हा सराव नियंत्रणाच्या जाळ्याला होतो. आजारानं थेट भाषेचंच जाळं गाठलं, तर तो सराव फारसा कामी येत नसावा.

आणखी एक. त्याच वर्षी आलेल्या एका आढाव्यात, लोकांना आधीपासून वर्षानुवर्षं तपासत गेलेल्या अभ्यासांमध्ये द्वैभाषिकांना डिमेन्शिया कमी होतो असं दिसलं नाही. म्हणून फार तर ‘लक्षणं उशिरा दिसू शकतात’ एवढंच म्हणता येतं. ‘भाषा शिका, अल्झायमर्स टाळा’ हे वाक्य चूक आहे.

तिसऱ्या भाषेच्या वादात हे कुठे बसतं?

एप्रिल २०२५मध्ये राज्य सरकारनं पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून सक्तीची केली. वाद पेटला, जूनमध्ये सुधारित आदेश आला आणि २९ जूनला दोन्ही शासन निर्णय रद्द झाले. ‘जास्त भाषा म्हणजे जास्त तल्लख मेंदू’ हा युक्तिवाद अशा वादात हमखास निघतो.

हैदराबादच्या अभ्यासाचा त्यासाठी वापर करता येत नाही. एक तर त्यात दोनपेक्षा जास्त भाषा बोलणाऱ्यांना वेगळा जादा फायदा दिसला नव्हता. दुसरं म्हणजे ते लोक घरात, बाजारात, कामावर आयुष्यभर त्या भाषा जगत होते. पहिलीतल्या तासाला पाठ केलेली भाषा आणि ती सारखी नाही. हिंदी असावी की नसावी यावर भांडायला शिक्षण आणि संस्कृतीचे मुद्दे भरपूर आहेत. मेंदूला त्यात ओढू नका, तो कुठल्याच बाजूचा नाही.

मराठीत तपासणार कशानं?

भाषा आणि मेंदू यावर खरंच राजकारण करायचं असेल, तर मुद्दा हा घ्या. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना डिमेन्शिया आहे. निदानाची पहिली पायरी असते प्रश्नोत्तरांची चाचणी. आणि चाचणीला भाषा लागते.

नुसतं भाषांतर करून ही चाचणी तयार होत नाही. वस्तू ओळखण्याच्या एका प्रसिद्ध अमेरिकी चाचणीत प्रेट्झेल, बीव्हर, इग्लू अशी चित्रं आहेत. प्रेट्झेल बघून साताऱ्याच्या आजी गप्प बसल्या तर दोष मेंदूचा की प्रेट्झेलचा? दुसऱ्या एका चाचणीत ठरावीक इंग्रजी अक्षरानं सुरू होणारे शब्द एका मिनिटात सांगायचे असतात. मराठीत ‘क’ दिला तर ‘किल्ला’ आणि ‘कुत्रा’ धरायचे का? आणि ज्यांनी मुळाक्षरंच गिरवली नाहीत, त्यांनी काय करायचं?

याचसाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं, आयसीएमआरनं, देशी चाचण्यांचा संच बनवला. हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषांत तो आधी तपासून घेतला गेला. त्या पाचांत मराठी नव्हती. जिथे पहिलं लक्षण शब्द हरवणं हेच आहे, तिथे माणसाला परक्या भाषेत तपासलं तर आजार सुटू शकतो, किंवा नसलेला दिसू शकतो. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी बोलणाऱ्यांचा प्रश्न तर त्याही पुढचा.

हे काम एकट्या डॉक्टरांचं नाही. कुठला शब्द किती नेहमीचा, कुठल्या जिल्ह्यात कशाला काय म्हणतात, हे मराठी आणि भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांना माहीत असतं. चाचणी कशी बांधायची हे मानसशास्त्रवाल्यांना. वाचा-उपचाराचं शिक्षण तर वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत मिळतं. प्रोजेक्टला विषय शोधत असाल तर हा घ्या.

तोवर घरात एवढं करा. ‘ते हे... काय म्हणतात त्याला’ असं आपण सगळेच म्हणतो, त्यानं घाबरू नका. पण पन्नाशीतल्या कुणाचे नेहमीच्या वापरातले शब्द महिन्यागणिक कमी होत असतील, प्रत्येक वस्तूला ‘ते’ म्हणणं सुरू झालं असेल, साध्या शब्दाचा अर्थ विचारला जात असेल, किंवा अबोल माणूस अचानक भलतंच बोलू लागला असेल, तर ‘टेन्शन असेल’ म्हणून सोडून देऊ नका. न्यूरॉलॉजिस्टकडे न्या. आणि तिथे ‘हल्ली विसरतात’ एवढंच सांगू नका. आधी काय गेलं, शब्द की आठवण, हे तारखेसकट लिहून न्या. जाळं कुठून तुटायला लागलं, हे डॉक्टरांना त्यातूनच कळायला सुरुवात होते.