चहा गोड, पण किती?

आपल्या घरी आलेला पाहुणा चहा न घेता परत जातो, असे सहसा होत नाही. सकाळचा नाश्ता, असरनंतरची वेळ, दारात आलेली खाला, प्रत्येक वेळी चहाचे भांडे चुलीवर चढते. म्हणून मधुमेह झालेल्या अब्बांना किंवा अम्मींना डॉक्टरांनी गोड कमी करायला सांगितले की पहिली गदा चहावर येते. घरात एकदम फिका चहा सुरू होतो आणि चार दिवसांनी शेजारी गुपचूप गोड चहा. लपून घेतलेल्या चहाचा हिशेब कुणाकडेच राहत नाही. धोका तिथेच आहे.

हिशेब मांडून पाहू. चहाच्या एका चमच्यात सुमारे ४ ते ५ ग्रॅम साखर मावते. कपाला दोन चमचे आणि दिवसाला पाच कप धरले, तर ४० ते ५० ग्रॅम साखर केवळ चहातूनच पोटात गेली. जागतिक आरोग्य संघटना तर निरोगी माणसालाही अशी साखर, मध आणि फळांचा रस धरून, शक्यतो दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास ठेवायला सांगते. त्यात चहासोबतची नानखटाई आणि टोस्ट वेगळेच. खारी गोड लागत नाही, पण तिचा मैदाही रक्तातली साखर वाढवतो.

साखरेऐवजी गूळ किंवा मध चालतो, हाही गैरसमजच. दोन्हींनी साखर वाढतेच.

मग करावे काय? भांड्यात साखर घालूच नका, साखरदाणी वेगळी ठेवा. ज्याने त्याने आपली साखर घ्यावी. दर आठवड्याला पाव चमचा कमी करा, जिभेला हळूहळू सवय होते. आले, वेलची, दालचिनीने चहाला स्वाद येतो आणि साखरेची उणीव कमी भासते. कप लहान घ्या. दिवसाचे कप ठरवून घ्या.

मात्र इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील, तर हा बदल डॉक्टरांच्या कानावर घाला. घाम सुटला, हात थरथरले, साखर ७० च्या खाली गेली, तर तेव्हा साखर हेच औषध. शुद्धीवर असलेल्या माणसाला तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. रोजात असे झाले तर रोजा सोडावा. आजारी माणसाला दीनने सवलत दिलेली आहे, ती घेण्यात कमीपणा नाही.

पाहुण्याला चहा देताना "साखर किती घालू?" एवढे विचारण्याची रीत आपण घराघरांत पाडू या. पाहुण्याला आपला आजार सांगत बसावे लागणार नाही आणि मेहमाननवाजीतही काही उणे राहणार नाही.