पाटी नको, शिस्त द्या!

१९८४ साली भोपाळच्या विषारी वायूने हजारो निरपराध जीव घेतले, तेव्हा कुठे देश खडबडून जागा झाला. १९८७ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि घातक रसायने हाताळणाऱ्या उद्योगांना आपत्कालीन आराखडा बंधनकारक झाला. रसायन उद्योगात आज धोक्याच्या कामाला लेखी परवाना लागतो आणि थोडक्यात टळलेल्या अपघाताचीही नोंद होते.

मग प्रश्न असा, की जी दक्षता रसायनाच्या टाकीसाठी, ती बाळंतिणीच्या खाटेसाठी का नसावी? ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात आग लागून १० अर्भके दगावली. त्यांचा घात आजाराने केला नाही, सुरक्षेच्या अभावाने केला. जंतुसंसर्ग तर आगीसारखा दिसतही नाही. तो निमूटपणे बळी घेतो. वैद्यांनी हात धुतले तर माता वाचतात, हे सेमेलवाइसने व्हिएन्नात १८४७ सालीच सिद्ध केले होते!

पेण तालुक्यात डोलवीचा पोलाद प्रकल्प आहे. रोहा तालुक्यात नागोठण्याचा पेट्रोरसायन प्रकल्प आणि धाटावची औद्योगिक वसाहत आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यासाठी राखणे भाग पाडले. प्रतिबंधात्मक आरोग्यसेवा व स्वच्छता त्यात स्पष्टपणे अंतर्भूत आहेत. परंतु देणगी म्हटली की आपल्याला आठवते ती रुग्णवाहिका, यंत्र आणि दात्याच्या नावाची पाटी. देखभालीअभावी यंत्र बंद पडते. पाटी मात्र लखलखत राहते.

उद्योगांना दाराशी येऊ दिले की रुग्णालय विकले गेले, अशी ओरड काही मंडळी करतील. दुसरी मंडळी सारा कारभारच कंपन्यांच्या हवाली करू पाहतील. दोन्ही भूमिका आत्मघातकी आहेत. मालकी, उपचार आणि उत्तरदायित्व शासनाचेच राहिले पाहिजे. उद्योगांनी द्यावे ते आपले कौशल्य: त्यांच्या सुरक्षा अभियंत्यांनी पेण व रोहा येथील उपजिल्हा रुग्णालयांतील वीजजोडण्या, प्राणवायूच्या वाहिन्या व अग्निशमन व्यवस्था नियमित तपासावी, निर्जंतुकीकरण यंत्रांच्या देखभालीचा भार किमान ५ वर्षे उचलावा, परिचारिकांपासून सफाई कामगारांपर्यंत सर्वांच्या प्रशिक्षणाला हातभार लावावा. देणाऱ्याने आपलाच माल खपवू नये, ही अट करारातच असावी. मोजमापासाठी नवा आयोग नको. २०१५ साली सुरू झालेल्या ‘कायाकल्प’ योजनेत स्वच्छता व संसर्ग नियंत्रणाच्या गुणांकनाची पद्धत तयारच आहे. ते गुण आणि खर्चाचा हिशेब रुग्ण कल्याण समितीने दरवर्षी जनतेपुढे ठेवावा.

दरवर्षी ४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनी, कारखान्यांत शपथ घेतली जाते. त्या शपथेचा अर्थ कारखान्याच्या फाटकाशी संपतो काय? ज्या भूमीचे पाणी आणि मनुष्यबळ घेऊन उद्योग उभे राहिले, तिथल्या रुग्णाचा जीव सुरक्षित राखणे हे दान नव्हे, ते ऋण आहे. ते फेडून घेण्यासाठी पेण-रोह्याच्या जागृत नागरिकांनीच आता आग्रह धरला पाहिजे.