समजून घ्या : विहिरीत पोहणारा समुद्रात का बुडतो?

दिवाळीची सुट्टी संपली की हिंगोली, वसमत, कळमनुरीच्या शाळा-कॉलेजांत सहलीची चर्चा सुरू होते. वेरूळ-अजिंठा पाहून झालेले असते, औंढा नागनाथ तर घरचेच. मग नावे येतात अलिबाग, मुरूड, गणपतीपुळे, मालवणची. साधारण सहाशे किलोमीटरचा प्रवास करून आलेल्या मुलांना पहिल्यांदा समुद्र दिसतो, तेव्हा त्यांना काठावर थांबवणे अवघड जाते. 'मला पोहता येते' हे वाक्य तेव्हाच ऐकू येते. धोका याच वाक्यात आहे.

याआधी काय घडले?

1 फेब्रुवारी 2016 रोजी पुण्याच्या एका कॉलेजची सहल रायगड जिल्ह्यातील मुरूडला गेली होती. तिथे 14 विद्यार्थ्यांचा बुडून मृत्यू झाला. 15 एप्रिल 2017 रोजी मालवणजवळच्या वायरी किनाऱ्यावर बेळगावच्या अभियांत्रिकी कॉलेजमधील 8 जण बुडाले. पुणे असो वा बेळगाव, दोन्ही शहरांना समुद्र नाही. मुरूडच्या घटनेनंतर शिक्षण विभागाने सहलींचे नियम कडक केले. पण मित्रांनी गाडी करून काढलेल्या सहलीला कुणाची परवानगी लागत नाही.

विहीर आणि समुद्र यांत फरक काय?

आपल्याकडे पोहणे शिकतात ते विहिरीत, पाठीला वाळलेला भोपळा किंवा रिकामा डबा बांधून. विहीर खोल असते, पण तिचे पाणी जागेवर असते. दमलात तर चार हात मारले की काठ सापडतो. समुद्रात उलटे आहे. खाऱ्या पाण्यात शरीर तरंगायला सोपे जाते, किनाऱ्याजवळ पाणी कमरेएवढेच असते, पण ते पाणी सतत चालत असते. विहिरीतला सराव या वाहत्या पाण्यासाठी पुरत नाही.

ही 'ओढ' नेमकी काय असते?

लाटा किनाऱ्याकडे पाणी आणून टाकतात. ते पाणी परत जायला वाट शोधते. वाफ्यात तुंबलेले पाणी बांध फुटेल तिथून जोरात निघते, तसेच हे पाणी वाळूतल्या खोलगट भागातून अरुंद पट्ट्याने आत जाते. काही वेळा त्याचा वेग सेकंदाला दोन मीटरपर्यंत पोहोचतो. ऑलिम्पिकमधला जलतरणपटू 100 मीटर अंतर साधारण 47 सेकंदांत कापतो, म्हणजे त्याचाही वेग जवळपास तेवढाच. आपण त्या प्रवाहाविरुद्ध जिंकणार नाही.

नवख्या माणसाची फसगत इथेच होते. या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, त्यामुळे तो शांत दिसतो. लहान मुलांना घेऊन लोक नेमके तिथेच उतरतात. दोन बाजूंना पांढऱ्या लाटा आणि मध्ये गढूळ, सपाट पाणी दिसले किंवा फेस आत जाताना दिसला, तर तिथे उतरू नका.

अडकलात तर काय करायचे?

हा प्रवाह माणसाला खाली खेचत नाही, आत नेतो. माणूस बुडतो तो किनाऱ्याकडे जाण्याच्या धडपडीत दमल्यामुळे. म्हणून आधी पाठीवर तरंगा आणि हात वर करून मदत मागा. पट्टा अरुंद असतो. ताकद असेल तर किनाऱ्याला समांतर पोहून त्यातून बाहेर पडा आणि मगच लाटांसोबत किनाऱ्याकडे या.

काठावरच्यांनी पाण्यात उडी मारू नये. एकाला वाचवायला गेलेले दोघे-तिघे बुडाल्याच्या घटना वारंवार घडतात. दोर, झाकण लावलेला रिकामा कॅन, हवा भरलेली ट्यूब फेका, स्थानिक कोळी बांधवांना किंवा जीवरक्षकांना हाक मारा आणि 112 वर फोन करा.

भरती-ओहोटीची वेळ कशी कळेल?

कोकण किनाऱ्यावर दिवसातून साधारण दोनदा भरती येते आणि तिची वेळ रोज जवळपास 50 मिनिटांनी पुढे सरकते. घरच्या दिनदर्शिकेवरून अंदाज काढता येतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा. चतुर्थीला 3 वाजता, अष्टमीला 6 वाजता पूर्ण भरती. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास उधाण असते, म्हणजे पाणी जास्त चढते आणि जास्त उतरते. हा ढोबळ हिशेब आहे. नेमकी वेळ आणि उंच लाटांचा इशारा हैदराबादच्या 'इन्कॉइस' या केंद्रीय संस्थेच्या संकेतस्थळावर मिळतो.

पालकांनी काय विचारावे?

संमतीपत्रावर सही करण्याआधी सरांना चार प्रश्न विचारा. किनाऱ्यावर पोहोचाल तेव्हा भरती असेल की ओहोटी? तिथे जीवरक्षक आहेत का? किती मुलांमागे एक शिक्षक आहे? मुले पाण्यात कुठपर्यंत जाणार? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'गुडघ्यापर्यंत' असेच हवे, मुलगा गावच्या विहिरीत कितीही पट्टीचा पोहणारा असला तरी.