नवऱ्याच्या भाजीत पुडी मिसळण्याआधी हे वाचा

"न सांगता, न कळता दारू सोडवा. शंभर टक्के आयुर्वेदिक." मोबाईलवर, भिंतीवर, पेपरात, जिकडं बघावं तिकडं हीच जाहिरात. आणि पुडी घेणारी कोण? हळदीच्या रानात राबून चार पैसे पदराला बांधणारी बाई. शिरड शहापूर असो की औंढा-वसमत, तिचा निम्मा पैसा दारूत जातो, उरलेला पुडीत.

मी झाडपाल्याच्या विरोधात नाही. भुईआवळा, कुटकी, पुनर्नवा या वनस्पती कावीळ आणि लिव्हरच्या तक्रारींवर पूर्वापार वापरतात, त्यांच्यावर संशोधनही चालू आहे. पण उंदरावर गुण दिसला म्हणजे वीस वर्षं पिणाऱ्याचं लिव्हर सुधारेल असं नाही. दारूची तलफ कायमची घालवेल अशी वनस्पती तर अजून सिद्ध झालेली नाही.

"नैसर्गिक आहे, अपाय काय होणार?" होतो. कोरोनात घरोघरी गुळवेलीचे काढे सुरू होते. त्या काळात गुळवेल घेतल्यावर लिव्हरला इजा झालेले 6 रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवले. आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही. वेल ओळखण्यातच चूक झाली असेल, असं त्यांचं म्हणणं. बरं, तसंच धरू. मग मला सांगा, जाणकारांतच वेलीवरून वाद होतो, तर पुडीतलं चूर्ण कोण ओळखणार?

त्यात डाइसल्फिराम मिसळलेलं असेल तर? हे ॲलोपॅथीचं औषध आहे. ते पोटात असताना दारू घेतली की उलट्या होतात, छाती धडधडते, बीपी कोसळतो, जीवही जाऊ शकतो. म्हणून डॉक्टर ते रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनंच देतात. चोरून घातलेली पुडी बाईला विधवा करू शकते.

दारूनं बिघडलेल्या लिव्हरवर पहिलं औषध एकच, दारू बंद. नुसती चरबी साठलेली असेल तर लिव्हर बरंचसं पूर्ववत होतं. सिरॉसिस झाला तरी दारू थांबवून आयुष्य वाढतं. पण रोज भरपूर पिणाऱ्यानं घरच्या घरी एकदम सोडू नये. झटके येतात, भास होतात. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचं. पुण्याचं मुक्तांगण 1986 पासून औषधाला समुपदेशनाची आणि घरच्यांच्या साथीची जोड देऊन हे काम करतंय. सरकारची 14446 ही व्यसनमुक्ती हेल्पलाइन फुकट आहे. घरच्यांनीही फोन करावा.

आता शासनाला विचारू. दारूवरचा कर तुम्ही घेता ना? मग त्यातून प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस तरी व्यसनमुक्तीची ओपीडी का नको? अन्न व औषध प्रशासनानं या पुड्या बाजारातून उचलून तपासाव्यात आणि आत काय सापडलं ते जाहीर करावं.

मंडळी, पुढच्या ग्रामसभेत हे दोन्ही ठराव मांडा. आणि बायांनो, तोवर ती पुडी चुलीत टाका.