दंड पाटीवालीलाच का?

पर्यावरण वाचवायचं म्हटलं की पहिला हात पडतो तो भाजीवाल्या बाईच्या पाटीवर. तिच्याजवळच्या पातळ पिशव्या उचलल्या जातात, तिला पावती फाडून देतात, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो : प्लास्टिकविरोधी मोहीम जोरात. माझं म्हणणं सरळ आहे. प्लास्टिक वाईटच, बंदी हवीच. पण ही मोहीम ज्या रीतीनं चालते ती रीत अन्यायाची आहे, आणि आपण बायकांनी तिला टाळ्या वाजवू नयेत.

आमचं कमलनगर दोन राज्यांच्या शिवेवर. कचेरीचं काम बीदरला, लग्नाची खरेदी उदगीरला. त्यामुळे दोन्हीकडचे कायदे आमच्या वाट्याला येतात. कर्नाटकानं प्लास्टिकच्या पिशव्यांवर 2016 च्या मार्चमध्ये बंदी घातली. महाराष्ट्रात 23 मार्च 2018 ला अधिसूचना निघाली आणि 23 जूनपासून दंड सुरू झाला. पहिल्या वेळी 5,000 रुपये, दुसऱ्या वेळी 10,000, तिसऱ्या वेळी 25,000 आणि तीन महिन्यांची कैद. दहा रुपयांची मेथीची जुडी विकणारीला 5,000, आणि काचेच्या दारामागं थंड हवेत बसलेल्या दुकानदारालाही 5,000. एकीचं महिन्याचं पोट, तर दुसऱ्याचा घटकाभराचा गल्ला. याला समान न्याय म्हणायचं का?

आता सूट कुणाला मिळाली ते पाहा. कारखान्यातच पाकिटात बंद होऊन येणाऱ्या मालाला महाराष्ट्रानं वगळलं. 1 जुलै 2022 पासून देशभर जी बंदी आली, तिच्या यादीत कान साफ करायच्या काड्या आहेत, फुग्याच्या काड्या आहेत, ताटं, पेले, चमचे, स्ट्रॉ आहेत. चिप्सची पाकिटं आणि शाम्पूच्या पुड्या त्या यादीत नाहीत. गावाच्या नाल्यात आणि शेताच्या बांधावर काय अडकलेलं असतं ते तुम्ही रोज बघता. 2016 च्या केंद्राच्या नियमांत असं होतं की ज्याचा पुनर्वापर होत नाही असं अनेक थरांचं प्लास्टिक दोन वर्षांत बंद करायचं. दोन वर्षं भरली, आणि 2018 मध्ये नियमाचे शब्दच बदलले. ज्यातून ऊर्जाही मिळत नाही किंवा ज्याचा दुसरा काही उपयोगच नाही, असंच प्लास्टिक बंद करायचं, असं झालं. म्हणजे भट्टीत जाळता येतं एवढं दाखवलं की पाकीट सुटलं. पाटीवालीसाठी असे शब्द कुणी बदलले?

आपल्याकडे लहानपणापासून शिकवतात की पाप तीन वाटांनी लागतं : स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं आणि अनुमोदन दिलेलं. कृत, कारित, अनुमोदित. प्लास्टिकला हाच हिशेब लावून पाहा. कारखान्यानं केलं. 'पिशवी नाही का गं?' असं म्हणून गिऱ्हाइकानं करवलं. सरकारनं सूट देऊन अनुमोदन दिलं. आणि प्रायश्चित्त कुणाला? गिऱ्हाईक तुटू नये म्हणून मुकाट्यानं पिशवी देणाऱ्या बाईला.

दुसरी बाई तर कुणाला दिसतच नाही. ती कचरा वेचणारी. आपण ज्याला रिसायकलिंग म्हणून मिरवतो, ते काम तिच्या बोटांनी होतं. बाटली, पुठ्ठा, पत्रा विकून तिला चार पैसे मिळतात. चिप्सच्या पाकिटात प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटलेले, ते सुटे होत नाहीत, म्हणून भंगारवाला ते घेत नाही. ते उचलण्याचे कष्ट फुकट.

यावर उत्तर पुण्यातल्या बायकांनी शोधलं. 1993 मध्ये त्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. 2008 मध्ये त्यांच्या 'स्वच्छ' सहकारी संस्थेनं महानगरपालिकेशी करार केला आणि घरोघरचा कचरा गोळा करण्याचं काम, त्याचं शुल्क आणि सुका माल विकण्याचा हक्क मिळवला. बहुतेक सगळ्या बायकाच, त्यातही दलित बायका. वापरलेले सॅनिटरी पॅड उघड्या हातांनी निवडावे लागत, म्हणून 2013 मध्ये त्यांनी पिशव्या भरभरून ते पॅड बनवणाऱ्या कंपन्यांकडेच परत पाठवले. 2016 च्या घनकचरा नियमांत पॅडबरोबर गुंडाळायचं वेष्टन देण्याची जबाबदारी कंपन्यांवर आली. मी ज्याला पर्यावरणाचं राजकारण म्हणते ते हे. माल ज्यानं केला, त्याच्या दारात तो नेऊन ठेवायचा.

कुणी म्हणेल, गोशाळेत गाईच्या पोटातून किलो किलो पिशव्या निघतात, त्याचं काय? त्या गाईची कणव मलाही आहे. पाणी गाळून पिणारे आपण, सूक्ष्म जीव मरू नये म्हणून जपणारे. मग उकिरड्यावर वाकलेली बाई पंचेंद्रिय जीव नाही का? तिच्या तळहाताला काच लागते, आपल्या घरच्या पॅडचं रक्त तिच्या नखात जातं. जीवदयेची पावती गाईपाशीच का संपावी?

आणि गरिबावर भार टाकून पर्यावरण वाचतही नाही. त्याच 2018 सालच्या नोव्हेंबरात फ्रान्समध्ये इंधनावरचा कर वाढणार म्हणून पिवळी जाकिटं घातलेले लोक रस्त्यावर आले. गावाकडून रोज कामाला गाडीनं जाणारी माणसं ती. डिसेंबरात सरकारला ती वाढ मागं घ्यावी लागली. कराचा हेतू चांगला होता, पण भार चुकीच्या खांद्यावर होता.

म्हणून बायांनो, दोन मागण्या सरकारकडे करू. दंडाची सुरुवात कारखान्यापासून, मग ठोक व्यापाऱ्यापासून, पाटीवाली सगळ्यात शेवटी, आणि तिला दंड करण्याआधी स्वस्त कापडी पिशवी द्या. कचरा वेचणारीला ओळखपत्र, हातमोजे आणि न विकल्या जाणाऱ्या मालाचंही वजनावर मोल द्या.

आणि दोन गोष्टी आपल्या घरच्या. बाजाराला जाताना पिशवी घरून न्या आणि कुणाकडे पिशवी मागू नका. ओला-सुका कचरा वेगळा करा, पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे उचलणारीला न उघडता कळेल. पर्युषणातल्या सामूहिक पारण्याला पत्रावळी वाढल्या म्हणून आपली पाठ थोपटतो ना आपण? त्या पत्रावळी दुसऱ्या दिवशी कोण उचलतं, तिला किती रुपये दिले, हेही त्याच सभेत विचारा. माझ्या व्यापारी भावांना हा प्रश्न आवडणार नाही. तरी विचारा.