समोरच्या दुकानाची पाटी

मागच्या महिन्यात मी अमरावतीहून अकोल्याला ताईकडे गेलो होतो. बडनेऱ्याला गाडी पकडली की तास-सव्वा तासात अकोला. भाऊजींचं तिथं छोटंसं दुकान आहे. पापड, कुरड्या, शेवया आणि सरगुंडे. (सरगुंडे ठाऊक नसतील तर वऱ्हाडातल्या कुठल्याही आजीला विचारा. ती सांगेल, आणि बहुतेक करूनही घालेल!) भाचा नववीत आहे. मी चपला काढतोय न काढतोय तोच तो कॉम्प्युटरसमोरून ओरडला.

"मामा, आपल्या दुकानाची वेबसाइट काढू म्हनतो. नाव शोधलं त सापडलं. पन अजून एक मजा सापडली."

"कसली रे?"

"समोरच्या काकाच्या दुकानाचं नाव! डॉट कॉमवर बी रिकामं हाय अन् डॉट इनवर बी. आपनच घेऊन टाकू ना! लोक त्याहीचं नाव टाकतीन अन् येतीन आपल्या दुकानात!"

आतून ताईचा आवाज आला, "काहून रे, काकानं काय बिघडवलं तुझं?" पण भाच्याचा मुद्दा सरळ होता. नाव रिकामं आहे, आपल्याकडे पैसे आहेत, मग घ्यायला हरकत काय?

तुम्हालाही असंच वाटतंय ना? मग ऐका.

इंटरनेटवरच्या प्रत्येक कॉम्प्युटरचा पत्ता खरं तर आकड्यांचा असतो. आकडे कोण लक्षात ठेवणार? म्हणून आकड्यांवर नावाची पाटी लावतात. या पाटीला म्हणतात डोमेन नेम. तिचे दोन भाग. पुढे नाव आणि मागे शेपूट. डॉट कॉम हे १९८५ सालापासूनचं शेपूट. डॉट इन हे आपल्या देशाचं, त्याचा कारभार निक्सी नावाची संस्था बघते. २०१४ पासून तर देवनागरीत 'डॉट भारत' असंही शेपूट मिळतं, म्हणजे अख्खी पाटी मराठी अक्षरांत लिहिता येते. आता गंमत अशी, की पुढचं नाव तेच ठेवून शेपूट बदललं की ती वेगळी पाटी झाली. डॉट कॉम एकाकडे, डॉट इन दुसऱ्याकडे, असं होऊ शकतं. आणि ही पाटी कुणी कायमची विकत घेत नाही बरं का! वर्षाच्या भाड्यानं मिळते. जो आधी येईल त्याला. 'हे नाव तुझंच आहे कशावरून?' असं डॉट कॉम किंवा डॉट इन देताना सहसा कुणी विचारत नाही.

काही शेपटं मात्र अशी सहज मिळत नाहीत. आपल्या जिल्ह्याची वेबसाइट आहे 'अमरावती डॉट गव्ह डॉट इन'. ते 'गव्ह' सरकारी कार्यालयांसाठी राखून ठेवलेलं आहे. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या पत्त्यात 'एसी डॉट इन' आहे, ते शिक्षणसंस्थांना मिळतं. रिझर्व्ह बँकेनं २०२५ साली बँकांसाठीही 'डॉट बँक डॉट इन' असं वेगळं शेपूट ठरवून दिलं आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत सगळ्यांनी तिकडे जावं असं सांगितलं. बँकेसारखी दिसणारी खोटी पाटी लावून लोकांचे पैसे लुबाडणारे वाढले, म्हणून. घरात आईबाबा बँकेचं काम मोबाइलवर करत असतील तर हे शेपूट त्यांना दाखवा.

तर आता भाच्याच्या युक्तीकडे येऊ. ती अगदी नवीन आहे असं त्याला वाटत होतं. मी म्हटलं, "बाबा रे, तू जन्मायच्या आधीच हे प्रकरण मुंबई हायकोर्टात जाऊन आलंय."

मुंबईच्या रेडिफ कंपनीची 'रेडिफ डॉट कॉम' ही वेबसाइट १९९६ सालची. त्या काळात आपल्याकडे घरी इंटरनेट असणं म्हणजे केवढी मिजास! रेडिफचं नाव झालं, आणि दुसऱ्या एका कंपनीनं पाटी घेतली 'रॅडिफ डॉट कॉम'. इंग्रजीत लिहून बघा, फक्त एका अक्षराचा फरक. 'ई'च्या जागी 'ए'. रेडिफ कोर्टात गेली. समोरच्या कंपनीनं काय सांगावं? म्हणे, आम्ही कुणाची नक्कल केलीच नाही. 'रॅडिकल' या शब्दातलं 'रॅड' घेतलं, 'इन्फर्मेशन'चा 'आय', 'फ्यूचर'चा एक 'एफ' आणि 'फ्री'चा दुसरा 'एफ'. झालं रॅडिफ!

भाचा इतका हसला की खुर्चीवरून पडायचा बाकी राहिला. न्यायमूर्ती ए. पी. शाह यांनाही हे काही पटलं नाही. १९९९ साली त्यांनी निकाल दिला. रेडिफच्या नावलौकिकावर आपला धंदा करायचा, एवढ्याचसाठी हे नाव घेतलेलं दिसतं, असं त्यांचं मत पडलं. ते नाव वापरायला त्यांनी मनाई केली. डोमेन नेम म्हणजे नुसता पत्ता नसून, दुकानाच्या नावाला जसं संरक्षण मिळतं तसंच त्यालाही मिळायला हवं, हे त्यात आलं. पुढे २००४ मध्ये सुप्रीम कोर्टानंही एका वेगळ्या खटल्यात जवळपास हेच म्हटलं.

"म्हंजे सारखं नाव घेतलं की गुन्हा?" भाच्यानं विचारलं.

प्रश्न चांगला होता. नाही, तसं नाही. आपल्या अमरावतीचंच बघा ना. आंध्र प्रदेशातही अमरावती आहे. तिथल्या नव्या राजधानीची कोनशिला २०१५ साली बसली. इंग्रजी स्पेलिंगमध्ये त्यांचा एक 'ए' जास्त, एवढाच फरक. मग कुणी कुणाचं नाव पळवलं? कुणीच नाही! दोघांचंही नाव खरंच ते आहे. अशा भांडणांत म्हणून तीन गोष्टी तपासतात. नाव सारखं किंवा फसवं आहे का, घेणाऱ्याचा त्या नावावर काही खरा हक्क आहे का, आणि घेताना मनात काय होतं. भाच्याच्या मनात काय होतं ते तर त्यानं आधीच ओरडून सांगितलं होतं!

कॅनडातल्या माइक रो या मुलाची गोष्ट यातच बसते. सतरा वर्षांचा, बारावीतला. वेबसाइट बनवायचा, म्हणून स्वतःच्या नावापुढे 'सॉफ्ट' जोडलं आणि पाटी लावली 'माइकरोसॉफ्ट डॉट कॉम'. भरभर म्हणून बघा! मायक्रोसॉफ्ट कंपनी खवळली. पाटी परत दे, दहा डॉलर देतो, असं म्हणाली. हा पठ्ठ्या म्हणाला, दहा हजार द्या! जानेवारी २००४ मध्ये तडजोड झाली. पोरानं पाटी दिली आणि त्याला एक्सबॉक्स वगैरे मिळालं. नाव त्याचं स्वतःचंच होतं, म्हणून लोकही त्याच्या बाजूनं होते. ते दहा हजार मागितले नसते तर मला तो आणखी आवडला असता, पण ते असो.

आपल्याकडचा ताजा किस्सा जिओहॉटस्टारचा. या दोन कंपन्या एक होतील असा अंदाज बांधून दिल्लीतल्या एका तरुणानं ती पाटी २०२३ मध्येच घेऊन ठेवली, आणि २०२४ मध्ये पाटीच्या बदल्यात परदेशी शिक्षणाचा खर्च मागितला. कंपनीनं नकार दिला. मग ती पाटी दुबईतल्या दोन शाळकरी भावंडांनी विकत घेतली आणि कंपनीला फुकट देऊ केली!

मग मोठ्या कंपन्या स्वतः काय करतात? आपल्याच नावाची दोन-चार शेपटं आधी घेऊन ठेवतात. लोक चुकीचं स्पेलिंग करतात तीसुद्धा. गूगलमधला एक 'ओ' गाळून टाइप केलं तरी तुम्ही गूगलवरच पोचता, ते यामुळेच. आपल्या वावराला आपण कुंपण घालतो, तसंच हे. पण सगळीच शेपटं घेऊ म्हणाल तर दुकान विकावं लागेल. आता हजाराच्या वर शेपटं आहेत! लहान दुकानाला डॉट कॉम आणि डॉट इन पुरे, हवं तर वर डॉट भारत.

आणि भाडं भरायला विसरू नका. १९९९च्या डिसेंबरात खुद्द मायक्रोसॉफ्ट आपल्या एका पाटीचं भाडं भरायला विसरली, आणि तिच्या हॉटमेलमध्ये लोकांना शिरता येईना. शेवटी एका परक्या प्रोग्रामरनं स्वतःच्या खिशातून पस्तीस डॉलर भरले.

मी स्वतःही पोळलोय. आमच्या अमरावतीतल्या एका छोट्या वाचनालयाची वेबसाइट एकाकडून करून घेतली होती. त्यानं पाटी स्वतःच्या नावावर घेतली, आम्ही बघितलंही नाही. तो गाव सोडून गेला, फोन बदलला, वर्ष संपलं. ती पाटी आज भलत्याच माणसाकडे आहे आणि तिथं चपलांच्या जाहिराती दिसतात. म्हणून पाटी ज्याची, त्याच्याच नावावर, त्याच्याच ईमेलवर आणि फोनवर हवी. अठरा वर्षं पूर्ण नसतील तर आईबाबांच्या नावावर घ्या.

हे सगळं ऐकून भाचा जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पन मामा, काकाचं नाव अजून रिकामंच हाय. दुसऱ्या कोनी घेतलं त?"

मी म्हटलं, "मग?"

तो उठला आणि सरळ रस्ता ओलांडून गेला. आम्ही ओट्यावरून बघत होतो. काकांनी आधी मान हलवली, मग चष्मा लावला, मग मोठ्या मुलाला हाक मारली. अर्ध्या तासानं भाचा परत आला. काकांनी दोन पाट्या घेतल्या होत्या, स्वतःच्या नावावर, स्वतःच्या पैशानं. आणि याच्या हातात पाव किलो सरगुंडे दिले होते.

भाऊजी पुडीकडे बघून म्हणाले, "आपल्याच दुकानात सरगुंडे, अन् तू त्याहीचे घेऊन आला?"

"चाखून त पाहा बाबा," भाचा म्हणाला.

रात्री गुळाच्या पाण्यासोबत आम्ही तेच खाल्ले. जेवण झाल्यावर भाच्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरवर पुढच्या भाड्याच्या दोन तारखा लिहिल्या. एक आपली, एक काकांची.